रसायनाचार्य सर शांतिस्वरूप भटनागर

पुण्यास पाषाणच्या रस्त्याने जाणाऱ्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची विस्तीर्ण वास्तू दिसल्यावाचून राहत नाही. आम्ही शिक्षकी पेशात असताना शाळेच्या विद्यार्थ्यांस घेऊन तेथे दोन वेळा गेलो होतो. मुलांनी काचेची उपकरणे पाहिली, नळ्यांतून वाहणारे रंगीत द्रव पाहिले, आणि बाहेर आल्यावर एका मुलाने आम्हास विचारले, की गुरुजी, येथे माल तयार होतो की अभ्यास होतो? लहान तोंडी मोठा घास म्हणावा असाच तो प्रश्न होता. आम्ही काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनात राहिला. सेवानिवृत्तीनंतर वाचनास सवड लाभली, तेव्हा ही प्रयोगशाळा ज्यांच्या खटपटीने उभी राहिली त्या डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांच्या चरित्राकडे वळलो. आणि ज्या प्रश्नापुढे आम्ही निरुत्तर झालो होतो, त्याच प्रश्नाभोवती या पुरुषाचे सारे आयुष्य गुंफले गेले होते असे आमच्या ध्यानी आले.

आम्ही काही शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपलीकडे आमची मजल गेली नाही. तेव्हा वाचकांनी येथे रसायनशास्त्राची गहन चर्चा अपेक्षू नये. एका शिक्षकाने दुसऱ्या एका शिक्षकाविषयी लिहावे, इतक्याच अधिकाराने हे लिहीत आहोत. कारण भटनागर पुढे कितीही मोठ्या हुद्द्यांवर चढले, तरी त्यांच्या उमेदीची जवळजवळ वीस वर्षे अध्यापनात गेली, ही गोष्ट त्यांच्या कीर्तीच्या झगमगाटात पुष्कळदा झाकून जाते.

शांतिस्वरूपांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ रोजी पंजाबातील शाहपूर जिल्ह्यात भेरा या गावी झाला. झेलम नदीच्या काठी वसलेले हे गाव आज पाकिस्तानात आहे. नदीपलीकडे मिठाच्या डोंगररांगा पसरलेल्या आहेत. हे मीठ पुढे या चरित्रात पुन्हा भेटणार आहे, म्हणून येथेच सांगून ठेवतो. वडील परमेश्वरी सहाय हे शिक्षक होते. विद्याव्यासंगी आणि सुधारक मताचे. ब्राह्मसमाजाकडे त्यांचा ओढा होता. परंतु मूल अवघे आठ महिन्यांचे असतानाच त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली, आणि माता आपल्या तान्ह्या लेकरास घेऊन माहेरी आली. हे माहेर संयुक्त प्रांतातील बुलंदशहर जिल्ह्यातील सिकंदराबाद येथे होते. (हैदराबादेशेजारचे सिकंदराबाद ते निराळे.) आजोबा मुनशी प्यारेलाल हे रुरकीच्या कॉलेजातून निघालेल्या जुन्या पिढीतील इंजिनिअर. त्यांच्या घरी भूमितीची आणि मोजणीची साधने पडलेली असत. नातवाने त्यांच्याशी खेळावे, ती मोडावी, पुन्हा जोडावी, विजेच्या बॅटऱ्या कराव्यात, दोऱ्याचे टेलिफोन लावावेत, आणि आजोबांनी रागे भरू नये, असा तो क्रम होता. पोरके मूल आजोळी वाढते तेव्हा ते एक तर अतिलाडाने बिघडते, नाही तर उपेक्षेने कोमेजते, असे आम्ही आमच्या वर्गांतून पाहिले आहे. येथे दोन्ही झाले नाही, याचे श्रेय त्या वृद्ध इंजिनिअरास दिले पाहिजे.

इ. स. १९०८ मध्ये मुलगा लाहोरास आला. तेथील दयाळसिंग हायस्कुलाचे मुख्याध्यापक लाला रघुनाथ सहाय हे त्याच्या दिवंगत पित्याचे स्नेही होते. मित्राचे पोर आपल्या नजरेखाली शिकावे म्हणून त्यांनी त्याला जवळ केले. पुढे १९१५ साली त्यांचीच कन्या लाजवंती हिच्याशी शांतिस्वरूपांचा विवाह झाला.

शाळेत असतानाच, १९११ साली, या मुलाने अलाहाबादच्या लीडर पत्राकडे एक लेख धाडला आणि तो छापून आला. विजेच्या बॅटरीत कार्बनची कांडी लागते. ती साखर कारखान्याच्या मळीत कार्बनयुक्त पदार्थ मिसळून, दाब आणि उष्णता देऊन बनविता येईल, असा त्यातील मजकूर होता. मळी म्हणजे टाकाऊ वस्तू. सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याची बुद्धी पहिल्याच खेपेस कारखान्याच्या उकिरड्याकडे वळावी, हे आम्हास मोठे सूचक वाटते. टाकाऊपासून उपयोगी वस्तू निर्माण करण्याचा हा नाद त्यांना जन्मभर पुरला.

कॉलेजात ते नाटकांत रमले. उर्दूत त्यांनी करामाती नावाचे एक छोटे नाटक लिहिले, त्यास १९१२ साली बक्षीसही मिळाले. उर्दू काव्याची आवड तर अखेरपर्यंत टिकली. फोरमन ख्रिश्चन कॉलेजातून १९१६ मध्ये बी. एस्सी. आणि १९१९ मध्ये एम. एस्सी. या पदव्या त्यांनी संपादन केल्या. मधल्या काळात संसार चालविण्यासाठी प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटरची नोकरी करावी लागली. नंतर दयाळसिंग कॉलेजाच्या विश्वस्तांनी अमेरिकेस जाऊन उच्च शिक्षण घेण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. पण दैवाची योजना वेगळी होती. पहिले महायुद्ध नुकतेच संपलेले. अमेरिकेकडे जाणारी जहाजे घरी परतणाऱ्या सैनिकांनी भरून गेलेली. लंडनपर्यंत पोहोचलेल्या या विद्यार्थ्यास पुढचे जहाजच मिळेना. तेव्हा विश्वस्तांच्या संमतीने ते लंडनलाच राहिले आणि युनिव्हर्सिटी कॉलेजात प्रोफेसर डोनन यांचे शिष्य झाले. १९२१ साली डी. एस्सी. मिळाली.

लंडनच्या वास्तव्यात त्यांना दोन गोष्टी लाभल्या आणि त्या दोन्हींनी पुढचे आयुष्य घडविले. पहिली म्हणजे कलिल रसायनाचा अभ्यास. तेल, साबण, चिखल, शाई, दूध अशा पदार्थांत अतिसूक्ष्म कण द्रवात तरंगत असतात. ते का तरंगतात, केव्हा एकवटून गोळा होतात, याचा विचार करणारी ही शाखा. दुसरी म्हणजे ब्रिटिश सरकारच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन खात्याकडून मिळालेली वर्षाला अडीचशे पौंडांची वृत्ती. हे खाते महायुद्धाच्या काळात निघाले होते. रंग, औषधे, दुर्बिणीची काच यांसाठी आपण जर्मनीवर किती विसंबून होतो, हे इंग्रजांस लढाई पेटल्यावर उमगले, आणि मग विद्यापीठातील विद्वान व गिरणीतील मालक यांची सांगड घालण्यास त्यांचे सरकार पुढे सरसावले. भटनागरांनी ही व्यवस्था आतून पाहिली. बर्लिन आणि पॅरिस येथील संशोधन-मंदिरेही त्यांनी पाहिली.

१९२१ मध्ये स्वदेशी परतताच ते पंडित मालवीयांच्या काशी हिंदु विश्वविद्यालयात रसायनाचे प्राध्यापक झाले. तेथे तीन वर्षे काढली. त्या विश्वविद्यालयाचे कुलगीत या रसायनशास्त्रज्ञाने रचिले आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. १९२४ मध्ये त्यांना लाहोरच्या पंजाब विद्यापीठाने बोलाविले. भौतिक रसायनाचे प्राध्यापक आणि विद्यापीठाच्या रासायनिक प्रयोगशाळांचे संचालक, अशी ती जागा होती. येथे सोळा वर्षे गेली आणि त्यांच्या चरित्रातील सर्वांत रसाळ भाग येथेच आहे.

त्या काळी कॉलेजातील प्रोफेसर आणि कारखानदार यांचा परस्परांशी काही संबंध असावा, ही कल्पनाच मुळी रूढ नव्हती. प्रोफेसराने शिकवावे, परीक्षा घ्याव्यात, फार तर विलायतेच्या नियतकालिकात निबंध छापावा. कारखानदारास अडचण आली तर त्याने यंत्र पुरविणाऱ्या परदेशी कंपनीला तार करावी. भटनागरांच्या दाराशी पहिले आले ते लाहोरचे प्रख्यात दानशूर आणि शेतीसुधारक सर गंगाराम. उसाच्या चिपाडाची गुरांना खाता येईल अशी वडी करता येईल काय, असा त्यांचा प्रश्न होता. भटनागरांनी तो हाती घेतला. मागून दिल्लीच्या कापड गिरणीचे लाला श्रीराम, कानपूरचे जे. के. गिरणीवाले, लायलपूरची गणेश फ्लोअर मिल, आमच्या मुंबईची टाटा ऑइल मिल अशी मंडळी आपापले प्रश्न घेऊन येऊ लागली.

पण खरी कसोटी लागली ती रावळपिंडीकडील अटक ऑइल कंपनीच्या विहिरींवर. ही हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे.

जमिनीखालील तेल काढण्यासाठी हजारो फूट खोल भोक पाडावे लागते. फिरणाऱ्या पोलादी नळीच्या टोकाशी पाते असते. नळीतून पातळ चिखल खाली सोडतात. तो पात्यापाशी बाहेर पडतो आणि नळीच्या भोवतीच्या पोकळीतून वर येतो. येताना कापलेल्या खडकाचा चुरा घेऊन येतो, पाते थंड ठेवतो, आणि विहिरीच्या भिंती ढासळू देत नाही. म्हणजे हा चिखल हा त्या कामाचा प्राण. तो नेहमी वाहता राहिला पाहिजे. अटकेच्या बाजूस घडे असे, की भोक खाली जाता जाता खाऱ्या थरास लागले की हा चिखल एकाएकी घट्ट होई. इतका घट्ट, की नळी त्यात रुतून बसे आणि काम ठप्प होई. मिठाचे डोंगर ज्या मुलुखात आहेत, तेथे हे विघ्न वारंवार येणार हे उघड होते. इंजिनिअरांनी यंत्राच्या बाजूने उपाय पाहिले. परंतु दुखणे यंत्रात नव्हतेच.

भटनागरांनी ते चिखलात पाहिले. मातीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगतात, ते त्यांच्या अंगी एकाच जातीचा विद्युतभार असतो म्हणून. सारखे भार एकमेकांस दूर लोटतात, त्यामुळे कण एकत्र येत नाहीत. पाण्यात मीठ मिसळले की हा भार निकामी होतो, कण एकमेकांस चिकटतात आणि गोळा बनतो. दुधात लिंबू पिळले असता ते फाटते, त्याच जातीचा हा प्रकार. मग यावर तोड काय? प्रत्येक कणाभोवती असे एखादे आवरण घालावे, की मीठ त्याला बाधू शकणार नाही. हे आवरण त्यांनी डिंकाचे घातले. आपल्या देशातील झाडांचा साधा डिंक चिखलात मिसळताच तो पातळ राहू लागला आणि खाऱ्या पाण्यास दाद देईनासा झाला. आपले पूर्वज काजळात बाभळीचा डिंक घोटून शाई करीत; त्या डिंकामुळे काजळीचे कण तळाशी बसत नसत, शाई वर्षानुवर्षे टिके. जे पोथीच्या शाईत होते तेच तेलाच्या विहिरीत कामी आले, असे आम्ही आमच्या समजुतीसाठी म्हणतो. तज्ज्ञांनी रागावू नये.

अटक कंपनीचा कारभार लंडनच्या स्टील ब्रदर्स या पेढीकडे होता. नाव स्टील असले तरी तिचा धंदा ब्रह्मदेशचा तांदूळ, सागवान आणि तेल यांचा. ज्या प्रश्नाने त्यांचा अतोनात पैसा आणि वेळ खाल्ला, तो एका कॉलेजातील प्रोफेसराने डिंकाने सोडविला, याचे त्या व्यापाऱ्यांस केवढे नवल वाटले असेल! त्यांनी भटनागरांस दीड लाख रुपये देऊ केले. खनिज तेलाशी संबंध असलेल्या कोणत्याही विषयावर त्यांनी संशोधन करावे, अशी त्यांची इच्छा होती. तोळाभर सोने चाळीस रुपयांच्या आत मिळत होते त्या काळचे हे दीड लाख.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. भटनागर श्रीमंत घरचे नव्हते. शिष्यवृत्तीवर शिकलेला, पोटासाठी डेमॉन्स्ट्रेटरी केलेला हा माणूस. कंपनीचा सल्लागार म्हणून खाजगी करार करून ही रक्कम त्यांनी घेतली असती, तरी नियमाने त्यांना कोणी दोष दिला नसता. तसे करणारे पुष्कळ होते आणि आहेत. भटनागरांनी सांगितले, की पैसा विद्यापीठाच्या मार्फत येऊ द्यावा. त्याप्रमाणे तो विद्यापीठाकडे आला आणि त्यातून खनिज तेल संशोधनाचा एक स्वतंत्र विभाग निघाला. विभागाचे मार्गदर्शन भटनागरांकडे आले, आणि विद्यार्थ्यांना पगारी संशोधनाची सोय झाली. मेणाचा वास घालविणे, रॉकेलच्या दिव्याची ज्योत अधिक उंच करणे, वनस्पती-तेले व खनिज तेले यांच्या कारखान्यांतील टाकाऊ भागांचा उपयोग करणे, असे विषय तेथे हाताळले गेले. वीज न पोहोचलेल्या खेड्यांतून रॉकेलच्या ज्योतीचे महत्त्व काय, हे कंदिलाच्या उजेडात अभ्यास केलेल्या आमच्यासारख्यांस सांगावयास नको. काम पाहून कंपनी इतकी संतुष्ट झाली, की तिने रक्कम वाढविली आणि पाच वर्षांची मुदत दहा वर्षांची केली.

याचा परिणाम केवळ एका विभागापुरता राहिला नाही. १९३४ साली प्रख्यात शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनी भटनागरांस पत्र लिहून त्यांचे अभिनंदन केले; या कृतीने समाजाच्या दृष्टीत विद्यापीठीय शिक्षकाची पायरी उंचावली, असा त्याचा आशय होता. आम्हास ही गोष्ट फार मोलाची वाटते. विद्या विकू नये, हा आपला जुना संस्कार. पण त्याची दुसरी बाजू अशी झाली, की विद्वानाने व्यवहाराकडे पाहूच नये, आणि व्यवहाराने विद्वानास पुस्तकातला किडा समजावे. भटनागरांनी विद्या गिरणीच्या दारात नेली, तिचे मोलही घेतले. मात्र ते मोल स्वतःच्या खिशात न टाकता ज्या घरात ती विद्या वाढली त्या घरात ठेविले. कारखानदारास उत्तर मिळाले, विद्यार्थ्यास वृत्ती मिळाली, विद्यापीठास विभाग मिळाला. यात भाबडा त्याग नव्हता. शहाणपणाचा हिशेब होता, असे आमचे मत आहे. प्रोफेसर स्वतः पगारदार झाला असता तर उद्या कंपनीच्या सोयीचे तेवढेच त्याने शोधले असते. विद्यापीठ मध्ये राहिल्याने त्याचा कणा ताठ राहिला.

याच वर्षांत केवळ उपयोगाचेच काम चालले होते असे मात्र नव्हे. पदार्थांचे चुंबकीय गुण मोजून त्यांच्या रेणूंची घडण ओळखणे, हा भटनागरांचा शुद्ध शास्त्रातील आवडता विषय. आपले शिष्य के. एन. माथुर यांच्यासह त्यांनी १९२८ मध्ये त्यासाठी एक अतिशय नाजूक तराजू तयार केला. लंडनच्या अॅडम हिल्गर कंपनीने तो बनवून विकण्यास घेतला. म्हणजे येथेही लाहोरच्या प्रयोगशाळेतून निघालेली वस्तू कारखान्यात गेली. १९३५ मध्ये या दोघांचा चुंबकीय रसायनावरील ग्रंथ विलायतेत प्रसिद्ध झाला.

लाहोरात हे चालले असता आपल्या मुंबईतही त्याच दिशेने पावले पडत होती, याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रशास्त्राचा विभाग काढला. गिरणगावातील कापडाच्या रंगाईस शिकलेले हात हवे होते. म्हणून वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी या विषयांपासून आरंभ झाला. माटुंग्याच्या जागेत हा विभाग १९४३ मध्ये गेला, आणि यूडीसीटी या चार अक्षरांनी तो मराठी घराघरांतून ओळखला जाऊ लागला. तेथून बाहेर पडलेल्या तरुणांनी किती रंगाचे, औषधांचे आणि तेलाचे कारखाने काढले, त्याची गणती करणे अवघड आहे.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटले. समुद्रमार्गे येणारा माल अडला आणि वीस वर्षांपूर्वी इंग्रजांस जी जाग आली होती ती आता हिंदुस्थान सरकारास आली. व्यापारमंत्री रामस्वामी मुदलियार यांच्या आग्रहाने १ एप्रिल १९४० रोजी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन मंडळ स्थापन झाले, आणि त्याचे संचालक म्हणून भटनागरांची निवड झाली. लाहोर सुटले. सोळा वर्षे ज्या प्रयोगशाळा सांभाळल्या त्या सोडताना त्यांना काय वाटले असेल, हे शिक्षकास वेगळे सांगावे लागत नाही. कलकत्त्यास अलीपूरच्या सरकारी परीक्षणगृहात संसार मांडला गेला. वर्षाला पाच लाखांची तरतूद. विषारी वायूस न भिणारे कापड, न फुटणारे पेट्रोलचे डबे, एरंडेलासारख्या देशी तेलांपासून वंगण, टाकाऊ पदार्थांपासून प्लॅस्टिक, अशा वस्तू या मंडळाने अल्पावधीत सिद्ध केल्या.

पण वस्तू सिद्ध होणे आणि ती बाजारात येणे, यांत मोठे अंतर असते. प्रयोगशाळेच्या काचपात्रात पावशेर माल उत्तम निघतो. कारखान्याच्या कढईत तोच बिघडतो. शिवाय नवी कृती करून पाहण्यात पैसा बुडण्याचे भय मालकास असते. हे ओळखून १९४१ मध्ये औद्योगिक संशोधन उपयोजन समिती नेमण्यात आली. सरकारी मंडळाने किंवा विद्यापीठांनी शोधलेल्या कृती तिने उद्योगपतींच्या हवाली कराव्यात, त्यांच्याकडून स्वामित्वशुल्क घ्यावे, आणि ते पुन्हा संशोधनास लावावे, अशी योजना होती. लाहोरास दीड लाखांच्या बाबतीत एका माणसाने जे केले, तेच आता देशाच्या पातळीवर नियम म्हणून आले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मध्यवर्ती कायदेमंडळाने औद्योगिक संशोधनासाठी पाच वर्षे दरसाल दहा लाख रुपये मंजूर केले, आणि २६ सप्टेंबर १९४२ पासून वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे काम सुरू झाले. त्याच साली प्रयोगशाळा कलकत्त्याहून दिल्लीस आल्या आणि प्रथम दिल्ली विद्यापीठाच्याच आवारात त्यांना आसरा मिळाला.

यापुढचा इतिहास राष्ट्रीय प्रयोगशाळांचा आहे. सरकारने एक कोटी रुपये देण्याचे ठरविले; टाटांनी वीस लाख दिले. पुण्याच्या रासायनिक प्रयोगशाळेची कोनशिला ६ एप्रिल १९४७ रोजी बाळासाहेब खेर यांच्या हस्ते बसली, आणि ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. पहिले संचालक मॅकबेन हे अमेरिकेहून आणविले. तेही कलिल रसायनाचेच जाणकार. त्याच वर्षाच्या २१ जानेवारीस दिल्लीची भौतिक प्रयोगशाळा सरदार पटेलांच्या हस्ते, आणि २६ नोव्हेंबरास जमशेदपूरची धातुशास्त्रीय प्रयोगशाळा पंडित नेहरूंच्या हस्ते उघडली. पुढील चार-पाच वर्षांत या संस्थांची संख्या डझनाच्या घरात गेली. नेहरूंचा विश्वास, उद्योगपतींची ओळख आणि सचिवालयातील फायली पुढे सरकविण्याची हातोटी, ही तिन्ही एका माणसाच्या ठायी एकत्र आली होती. मध्यंतरी १९४१ मध्ये सर हा किताब, १९४३ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९५४ मध्ये पद्मभूषण, असे मानसन्मान आले. १९५१ नंतर नैसर्गिक साधनसंपत्तीच्या मंत्रालयाचे सचिव म्हणून तेलशुद्धीकरणाचे कारखाने देशात यावेत यासाठी विदेशी कंपन्यांशी झालेल्या बोलण्यांतही त्यांचा मोठा भाग होता. मुंबईच्या तुर्भे येथील कारखाने त्या करारांतून आले.

चरित्र लिहिताना केवळ आरती ओवाळून चालत नाही. या प्रयोगशाळांवर त्या काळी कडक टीका झाली, आणि ती करणारे लहानसहान नव्हते. ज्या मेघनाद साहांनी १९३४ मध्ये भटनागरांची पाठ थोपटली, त्यांनाच पुढे ही व्यवस्था पसंत पडली नाही. संशोधनाचा पैसा आणि माणसे विद्यापीठांबाहेर सरकारी संस्थांत एकवटली, तर विद्यापीठे कोरडी पडतील, असा त्यांच्या विचाराच्या मंडळींचा आक्षेप होता. चंद्रशेखर रामन यांनी तर स्वतःच्या नावाने विख्यात झालेल्या परिणामाच्या चालीवर नेहरू व भटनागर यांच्या नावांचाही एक परिणाम असल्याची थट्टा केली, असे सांगतात. प्रयोगशाळा भराभर उगवतात, असा त्यातील टोला.

आम्हास ही टीका अगदीच अनाठायी वाटत नाही. लाहोरास विद्यार्थी, प्राध्यापक आणि कंपनीचा प्रश्न एका छपराखाली होते. पाषाणला उत्तम उपकरणे आली, पण वर्ग राहिला नाही. ज्या कॉलेजातून तल्लख मुलगा निघाला, ते कॉलेज त्याच्या गुरूसह मागे राहिले, आणि तेथे दहा वर्षांनंतरही तोच जुना तराजू. तालुक्याच्या गावी शास्त्र शिकविताना आम्ही या कोरडेपणाचा अनुभव घेतला आहे. उलट बाजूने हेही म्हटले पाहिजे, की १९४७ च्या हिंदुस्थानात विद्यापीठे थोडी, त्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या. आणि ज्या लाहोरात भटनागरांनी हा प्रयोग करून दाखविला, ते फाळणीत सीमेपलीकडे गेले. कारखान्यांची भूक तातडीची होती. विद्यापीठे सुधारेपर्यंत वाट पाहणे त्यांना परवडले नसते. शिवाय विद्यापीठांतील संशोधनास परिषदेकडून अनुदाने देण्याची प्रथाही त्यांच्याच वेळची आहे. तथापि दोन घरांमधली भिंत उंचावली ती उंचावलीच.

खुद्द भटनागरांस याची जाणीव नसेल असे आम्हास वाटत नाही. १९५३ च्या डिसेंबरात, काही दिवसांच्या अंतराने, दोन गोष्टी घडल्या. २८ तारखेस मौलाना आझादांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे उद्घाटन केले आणि त्याचे पहिले अध्यक्षपद भटनागरांकडे आले. ३१ तारखेस राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ अस्तित्वात आले. प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या कृती कारखान्यांच्या पदरात घालणे, हे या महामंडळाचे काम. तेही भटनागरांच्याच खटपटीचे फळ. एकीकडे विद्यापीठांची तिजोरी, दुसरीकडे उद्योगाचे दार, आणि मध्ये प्रयोगशाळा, अशी तिन्ही सूत्रे आयुष्यात प्रथमच एकाच हाती आली होती. तीस वर्षांपूर्वी चिपाडाच्या वडीपासून ज्याने आरंभ केला, त्या माणसास आता सबंध देशाची विद्यापीठे त्या कामी जुंपता आली असती.

गृहसौख्य मात्र तोवर ओसरले होते. पत्नी लाजवंतीबाई १९४६ मध्ये निवर्तल्या. ज्या उर्दू कविता त्यांनी वर्षानुवर्षे लिहून ठेविल्या होत्या, त्यांचा संग्रह त्यांनी पत्नीचेच नाव देऊन प्रसिद्ध केला. दिवसभर मंत्रालयाच्या फायली आणि रात्री शायरी, असा त्यांचा अखेरचा काळ गेला.

१ जानेवारी १९५५ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने डॉ. भटनागर यांचे देहावसान झाले. वयाची एकसष्ट वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या नावाने १९५७ मध्ये परिषदेने शास्त्रज्ञांसाठी पारितोषिक सुरू केले, आणि पहिले पारितोषिक १९५८ मध्ये के. एस. कृष्णन यांस मिळाले. अनुदान आयोगाच्या अध्यक्षपदी त्यांना जेमतेम एक वर्ष लाभले. आयोगास कायद्याचे अधिष्ठान १९५६ मध्ये मिळाले. ते पाहावयास ते नव्हते.